सासऱ्यांच्या चेहऱ्यावरचा चौकोन

जावईबापूंनी त्या रविवारी सकाळी फक्त एक चौकोन काढून टाकायचं ठरवलं होतं. टीव्हीच्या पडद्यावर, उजव्या हाताला, वरच्या कोपऱ्यात उगवणारा, आगपेटीएवढा चौकोन. त्यात एक आकडा असायचा आणि आकड्यापुढे "अपडेट बाकी आहेत" असं लिहिलेलं असायचं. बस, एवढंच. भिंतीवरचा डाग पुसावा तसं हे काम आहे असं त्यांना वाटलं. (जावईबापूंना जी जी कामं अशी वाटली, त्यातल्या बऱ्याच कामांत शेवटी भिंत पडली आहे. पण माणसाला आशा असते.)

चौकोनाचा त्रास त्यांना स्वतःला नव्हता. अडचण अशी होती की तो चौकोन सासऱ्यांच्या तोंडावर यायचा.

हे जरा नीट सांगायला हवं. सासरे हेडमास्तर होते. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाची एक व्हिडिओ कॅसेट घरात होती, आणि गल्लीतल्या फोटो स्टुडिओवाल्याने ती कॉम्प्युटरवर चालेल अशी उतरवून दिली होती. त्यात सासरे पडद्याच्या उजव्या बाजूला माईकसमोर उभे राहून 'शिस्त' या विषयावर बोलतात. बराच वेळ बोलतात. सासूबाई लेकीकडे कायमच्या राहायला आल्या, तेव्हा जावईबापूंनी टीव्हीखालच्या कपाटातला आपला कॉम्प्युटर त्यांच्यासाठी खास तयार केला. हा कॉम्प्युटर म्हणजे ऑफिसने भंगारात काढलेला डबा. जावईबापूंनी तो उचलून आणला, पुसला, त्यावर स्वतःच्या हाताने लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टिम चढवली, त्यात गाणी, सिनेमे, घरचे फोटो भरले आणि रिमोटच्या लाल बटणावर हेडमास्तरांना बसवलं. लाल बटण दाबलं की थेट भाषण सुरू. सासूबाईंचा गोंधळ नको म्हणून बाकीच्या बटणांवर चिकटपट्टी लावली. चुकून हात लागून नवरा मध्येच बंद पडायला नको, म्हणून एकदा सुरू झालेलं भाषण शेवटपर्यंत चालेल अशीही सोय केली. या सोयीचा त्यांना विशेष अभिमान होता.

सासूबाई रोज दुपारी जेवण झालं की खुर्चीत बसायच्या, लाल बटण दाबायच्या आणि शेवटच्या टाळीपर्यंत बघायच्या. एक दिवस खाडा नाही. सुट्टीच्या दिवशी जावईबापू दारात उभे राहून हे दृश्य बघायचे. बघता बघता त्यांना भरून यायचं आणि ते हळूच डोळे पुसायचे.

"प्रेम म्हणतात ते याला," ते बायकोला म्हणायचे.

"हं," बायको म्हणायची आणि मटार सोलायला घ्यायची.

तर त्या रविवारी चौकोनातला आकडा तीन आकडी झाला. चौकोन रुंद झाला आणि सासऱ्यांचा चष्मा पार झाकला गेला. जावईबापूंच्या मनाला ते लागलं.

"अहो, चालतंय ना ते?" बायको म्हणाली. "मग कशाला हात लावताय?"

"चालतंय काय? तुझ्या वडिलांच्या तोंडावर नोटीस लावून ठेवलीये आपण! कसं दिसतं ते?"

"बाबा काही म्हणाले का?"

जावईबापू टीव्हीसमोर मांडी घालून बसले आणि त्यांनी कीबोर्ड मांडीवर घेतला.

आता अपडेट म्हणजे काय, तर कॉम्प्युटरमधली जुनी सॉफ्टवेअरं जाऊन नवी येणं. लिनक्समध्ये ती एकाच दुकानातून येत नाहीत. कॉम्प्युटरपाशी काही पत्ते लिहिलेले असतात, त्यांना सोर्स म्हणतात, आणि तो एकेका पत्त्यावर जाऊन विचारतो, की बाबांनो, नवीन काही आलंय का? जावईबापूंच्या कॉम्प्युटरमध्ये मोठमोठ्या पत्त्यांबरोबर एक छोटा पत्ता होता. कुठल्या तरी लांबच्या देशातला एक भला माणूस आपल्या फावल्या वेळात एक जुना व्हिडिओ प्लेअर जिवंत ठेवून होता, त्याचा तो पत्ता. स्टुडिओवाल्याने कॅसेट अशा काही विचित्र पद्धतीने उतरवली होती की ती फक्त या प्लेअरवर धड चालायची. म्हणून जावईबापूंनी फार पूर्वीच कॉम्प्युटरला बजावून ठेवलं होतं, की काहीही झालं तरी या प्लेअरला हात लावायचा नाही. कॉम्प्युटर आज्ञाधारक. त्याने प्लेअरला हात लावला नाही. प्लेअर ज्या सॉफ्टवेअरच्या आधारावर उभा होता त्यालाही लावला नाही, आणि ते ज्याच्यावर उभं होतं त्यालाही नाही. एका हेडमास्तरांसाठी अख्खी शाळा वर्षानुवर्षं त्याच वर्गात बसून होती. चौकोनातला आकडा फुगत होता तो त्यामुळे.

जावईबापूंनी ती आज्ञा मागे घेतली आणि अपडेटचं बटण दाबलं. कॉम्प्युटरने थोडा विचार केला आणि सांगितलं, की छोट्या पत्त्यावर कोणी दार उघडत नाही.

त्यांनी इंटरनेटवर शोध घेतला. भल्या माणसाने आपल्या पानावर चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. आता वेळ मिळत नाही, मुलं लहान आहेत, नोकरी आहे, माफ करा. जावईबापूंना त्याचा राग आला नाही. उलट ते वाचून त्यांना स्वतःलाच फार थकल्यासारखं वाटलं. ते उठून पाणी प्यायले आणि परत येऊन बसले.

खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण जावईबापू पडले पेन्शन विभागातले हेडक्लार्क. एका टेबलावर फाइल अडली की ती दुसऱ्या टेबलावर न्यायची, तिथे अडली की तिसऱ्या, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यांनी कुठल्याशा चर्चेच्या पानावरून दुसरा सोर्स शोधला आणि पत्त्यांमध्ये लिहून टाकला. कॉम्प्युटर म्हणाला, या सोर्सची सही ओळखता येत नाही.

जावईबापू हसले, पण ते हसणं कसनुसंच होतं. सही जुळत नाही म्हणून अर्ज परत पाठवणं हा तर त्यांचा नोकरीतला मुख्य उद्योग. ऑफिसात त्यांच्या पाठीमागे त्यांना 'परतसाहेब' म्हणत. म्हाताऱ्या माणसांचे हात थरथरतात, सह्या वेड्यावाकड्या येतात, हे कळूनसुद्धा त्यांनी कधी दयामाया दाखवली नव्हती. आज मात्र त्यांनी मुकाट्याने "विश्वास ठेवा" असं टाइप केलं. मग तिसरा सोर्स जोडला, तो लिनक्सच्या भलत्याच, पुढच्या आवृत्तीचा होता. मग चौथा. या नव्या सोर्सचं एकमेकांशी पटेना. हा म्हणे याला काढा तर मी येतो, तो म्हणे हा आला तर मी जातो. शेवटी कॉम्प्युटरने पडदाभर एक यादी काढली आणि विचारलं, की एवढं सगळं काढून टाकावं लागेल, पुढे जाऊ का?

ऑफिसात यादी म्हणजे परिशिष्ट. परिशिष्ट वाचत नसतात, जोडत असतात. जावईबापूंनी "हो" म्हटलं.

त्या यादीत जुना प्लेअर होता. रिमोट चालवणारं सॉफ्टवेअर होतं. आवाजाचं होतं. आणि पडद्यावर चित्र दाखवणारंही होतं. हे सगळं जावईबापूंना मागाहून कळलं. त्या वेळी त्यांना एवढंच दिसलं की पडदा काळा झाला आणि डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकायला लागली. चौकोन मात्र गेला होता.

जेवण झाल्यावर सासूबाई येऊन खुर्चीत बसल्या. त्यांनी लाल बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

"आई, जरा दुरुस्ती चाललीये," जावईबापू जमिनीवरून म्हणाले. त्यांना वर बघवेना.

"म्हणजे आज नाही का?"

"आज नाही जमणार असं दिसतंय."

"उद्या?"

"उद्याचंही काही खरं नाही."

सासूबाईंनी रिमोट खाली ठेवला. मग उठल्या. एरवी त्यांना खुर्चीतून उठायला गुडघ्यावर हात ठेवून दोन वेळा झोके घ्यावे लागत. आज त्या एकदमच उठल्या. "सावकाश करा हो, जावईबापू," त्या म्हणाल्या. "मुळीच घाई नाही. मी आपली समोरच्या काकूंकडे जाऊन बसते."

दार लागलं.

"बघितलंस?" ते बायकोला म्हणाले. "एका शब्दाने बोलल्या नाहीत. रडायला गेल्या असणार."

"काकूंकडे?" बायको म्हणाली. "त्यांच्याकडे मालिका असतात या वेळेला."

"तुला माणसाचं मन कळत नाही," जावईबापू म्हणाले. आणि मग ते जे बोलले ते अगदी मनापासून बोलले. "एका बाईचा नवरा एकदा गेला. आज मी तो दुसऱ्यांदा नेला."

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. सकाळी ऑफिस, दिवसभर सह्या, संध्याकाळी टीव्हीसमोर मांडी. पायाला मुंग्या, डोळ्यांपुढे पांढरी रेघ. चहा तिथेच यायचा आणि तिथेच गार व्हायचा. चर्चेच्या पानांवर त्यांना एकजण सांगायचा, असं करा. दुसरा सांगायचा, तसं केलंत तर मेलात. तिसरा विचारायचा, मुळात चालत असलेल्या कॉम्प्युटरला हात कशाला लावलात? (हा बायकोचा नातेवाईक असावा असा जावईबापूंना दाट संशय आला.)

इकडे सासूबाई रोज दुपारी काकूंकडे जात होत्या. हळूहळू त्या संध्याकाळीही जायला लागल्या. एकदा जावईबापू ऑफिसातून आले तर त्या जिन्यात भेटल्या. केस नीट विंचरलेले, चेहरा टवटवीत, तोंडाने काहीतरी गुणगुणत होत्या.

"काय म्हणतंय काम?" त्यांनी विचारलं.

"आई, मी प्रयत्न करतोय. रात्रीचा दिवस करतोय."

"अहो, नका करू! तब्येत सांभाळा. राहिलं तर राहिलं," सासूबाई म्हणाल्या आणि भराभरा जिना उतरल्या.

जावईबापू कठड्याला धरून उभे राहिले. एवढं मोठं मन त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"गुणगुणत होत्या," त्यांनी घरात येऊन सांगितलं. "माणूस आतून मोडला की असा गुणगुणतो."

"अहो, ते मालिकेचं गाणं आहे."

"तू गप्प बस. तुझी आई आहे म्हणून तुला वाटत नाही काही."

शनिवारी मेव्हणा आला. मेव्हण्याचा स्वभाव सरळ. त्याने काळ्या पडद्याकडे बघितलं, जमिनीवर पसरलेल्या वायरींकडे बघितलं, आणि वायरींच्या मधोमध बसलेल्या जावईबापूंकडे बघितलं.

"भाऊजी, बाजारातून व्हिडिओ दाखवणारी एक तयार डबी आणा. टीव्हीला लावा आणि मोकळे व्हा."

"तुझे वडील त्या डबीत चालणार नाहीत."

"आमचे बाबा कशातही चालायचे हो," मेव्हणा म्हणाला. "थांबायचे नाहीत, हीच तर अडचण होती."

बायको स्वयंपाकघरात खोकल्यासारखं काहीतरी करत होती. स्वतःच्या वडिलांविषयी मुलं असं बोलतात, हे ऐकून जावईबापूंना कसंसंच झालं. आता या घरात हेडमास्तरांना आपल्याशिवाय कोणी नाही, अशी त्यांची खात्री पटली.

त्याच संध्याकाळी त्यांना थोडं यश आलं. एका नव्या प्लेअरवर भाषण सुरू झालं. जावईबापूंनी धावत जाऊन सासूबाईंना काकूंच्या दारातून बोलावून आणलं. पण नव्या प्लेअरमध्ये चित्र पुढे पळत होतं आणि आवाज मागून येत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या ऐकू आल्या नाहीत. मग सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला, तेव्हा टाळ्या ऐकू आल्या. ते तोंड मिटून पाणी प्यायले आणि त्याच वेळी गरजले, "वेळेचं भान नसलेला माणूस आयुष्यात काहीही करू शकत नाही!"

जावईबापूंनी भीत भीत सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंचे खांदे हलत होते. त्यांनी तोंडावर हात धरला होता आणि डोळ्यांत पाणी होतं.

"बंद करतो, आई, बंद करतो!" जावईबापूंनी मागे हात घालून मेन बटणच दाबलं.

"अहो, राहू द्यायचं की," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आज कधी नव्हे ते बरं वाटत होतं."

म्हणजे दुःख डोक्यात गेलं. जावईबापूंनी सोमवारी रजा टाकली.

भाषणाची फाइल बाजूला काढून त्यांनी बाकी सगळं पुसलं. नवे सोर्स पुसले, नवा प्लेअर पुसला, विश्वास ठेवलेल्या सगळ्या सह्या पुसल्या. ड्रॉवरमधून जुन्या लिनक्सची सीडी काढली आणि अगदी पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. राहिला होता तो जुना प्लेअर. त्यासाठी त्यांनी त्या लांबच्या देशातल्या भल्या माणसालाच ईमेल लिहिला. त्याला सगळं खरं खरं सांगितलं, की सासूबाई आहेत, सासरे नाहीत, रोज दुपारचं भाषण आहे आणि चूक माझी आहे. उत्तर येईल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. सोबत जुना प्लेअर जोडला होता आणि खाली लिहिलं होतं, की हे अजून कोणी इतक्या प्रेमाने वापरतं हे माहीत नव्हतं, तुमची गोष्ट मी माझ्या बायकोला वाचून दाखवली आणि आम्ही दोघंही रडलो. ते वाचून जावईबापू ऑफिसातच रडले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं, परतसाहेबांची बदली झाली.

प्लेअर बसला. आवाज आणि ओठ जुळले. रिमोट चालू लागला. जावईबापूंनी लाल बटण पूर्वीसारखं करून दिलं, बाकीच्या बटणांवर नवी चिकटपट्टी लावली, भाषण मध्येच बंद न पडण्याची सोयही पुन्हा केली. आणि शेवटी अपडेट विचारण्याची पद्धतच कायमची बंद करून टाकली. आता आकडा नाही, चौकोन नाही, काही नाही. सासऱ्यांचा चेहरा चष्म्यासकट स्वच्छ.

रविवारी जेवणं झाल्यावर सासूबाई पायात चपला घालून दारात उभ्या होत्या. जावईबापू आडवे आले.

"आई, आज कुठेही जायचं नाही. बसा."

"झालं का दुरुस्त?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. जावईबापूंना वाटलं, आनंदाने.

त्यांनी चपला काढल्या. खुर्चीत बसल्या. बायकोही येऊन टेकली. सासूबाईंनी हात लांब करून लाल बटण दाबलं आणि हेडमास्तर माईकसमोर येऊन उभे राहिले. "व्यासपीठावरील मान्यवर," ते म्हणाले, आणि ओठ अगदी बरोबर हलले. जावईबापू दारात जाऊन उभे राहिले आणि त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला.

सासूबाई पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुन्हा कोपऱ्याकडे पाहिलं.

"जावईबापू, ते कुठे गेलं?"

"काय, आई?"

"तो चौकोन हो. आकड्याचा."

"काढला!" जावईबापू म्हणाले. "कायमचा! त्याच्यासाठीच तर सगळा खटाटोप. आता बाबांच्या तोंडावर काही येणार नाही."

हेडमास्तर बोलत होते. सासूबाई हळूच म्हणाल्या, "तेवढंच एक रोज नवीन असायचं."

"म्हणजे?"

"आकडा बदलायचा ना रोज. मी तोच बघायचे. काकू विचारायच्या, आज किती झाला? आम्ही आदल्या दिवशीच अंदाज करून ठेवायचो. बाकीचं मला पाठच आहे. ह्यांनी महिनाभर माझ्यासमोरच तर घोकलं होतं."

जावईबापूंनी रुमाल खाली घेतला.

"मग आई, तुम्ही रोज लावायचात कशाला?"

"आता काय सांगू?" सासूबाई अवघडल्या. "तुम्ही एवढं बटण करून दिलंत. बाकीच्या बटणांना पट्ट्या लावल्यात. आणि तुम्हाला ते भाषण केवढं आवडतं! सुट्टीच्या दिवशी दारात उभं राहून ऐकता, रडता. म्हटलं, आपण बंद केलं तर तुम्हाला किती वाईट वाटेल. जावयाचं मन मोडायचं म्हणजे..."

जावईबापूंनी बायकोकडे पाहिलं. बायको पडद्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात काही दिसतंय का ते बघत होती.

"आई, बंद करू का?" त्यांनी विचारलं.

"छे छे, इतक्या कष्टाने केलंत. तुम्ही बघा की निवांत." सासूबाई उठल्या, एकदमच उठल्या, आणि त्यांनी पायात चपला सरकवल्या. "तेवढा चौकोन मात्र परत आणा हो. सावकाश आणा. घाई नाही."

त्या काकूंकडे गेल्या. बायको मटार सोलायला आत गेली. खोलीत जावईबापू आणि हेडमास्तर दोघंच राहिले. हेडमास्तर म्हणत होते, की हाती घेतलेलं काम अर्ध्यावर सोडणारा माणूस कुठलाच राहत नाही. जावईबापू सासूबाईंच्या खुर्चीत बसले. त्यांनी लाल बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग त्यांना आपण करून ठेवलेली सोय आठवली. मेन बटण कपाटाच्या पार मागे होतं, आणि उठायचं त्राण तर त्यांच्यात अजिबात राहिलं नव्हतं. ते शेवटच्या टाळीपर्यंत बसून राहिले.